भुताचा पिक्चर, सकाळी अकरा वाजता

लिंबाजी अण्णा भुताचा पिक्चर सकाळी अकरा वाजता बघतात. आंघोळ, देवपूजा, न्याहारी उरकून, घराची दोन्ही दारं आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून, खाटेवर मांडी घालून. मांडी अशासाठी की पाय खाली सोडले तर खाटेखालून कुणीतरी धरेल. खाटेखाली काय असतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे: एक कांद्याचं पोतं. अण्णांनाही ठाऊक आहे. "कांदंच हायती," ते म्हणतात, "पर पिक्चर सुरू झाल्यावर कांद्याचा काय भरोसा न्हाय."

आणि पिक्चर ते शेवटाकडून बघतात. आधी शेवटची काही मिनिटं. त्यात सगळी माणसं घरी परत आली, कुत्रं-मांजर असेल तर तेही आलं आणि कुणीतरी जेवायला बसलं, की मग पिक्चर पहिल्यापासून लावायचा. नाहीतर तिथंच 'नापास'. एकदा एक पिक्चर सगळा चांगला निघाला, पण शेवटी कुत्र्याचं काय झालं ते दाखवलंच नव्हतं. अण्णांनी त्याला फेरपरीक्षेला बसवलं. म्हणजे कुठं कोपऱ्यात कुत्रं दिसतंय का हे बघायला शेवट पुन्हा पुन्हा लावला. दिसलं नाही. नापास.

परंड्यात आमची घरं समोरासमोर आहेत. मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून. मला ते अजून भाऊसाहेब म्हणतात. आमच्या गल्लीत या माणसाविषयी एक चुकीची गोष्ट पसरली होती, आणि ती पसरायला सुरुवात झाली तेव्हा मी शेजारीच चहा पीत बसलो होतो. ती माझ्या हातानं लेखी दुरुस्त व्हावी म्हणून हे लिहायला घेतलं. पण त्याआधी माणूस नीट कळायला हवा.

अण्णा परंडा-कुरडुवाडी गाडीवर होते. त्यांच्या गाडीत बसलं की कुरडुवाडीची रेल्वे चुकणार हे ठरलेलं, म्हणून शहाणी माणसं आधीची एसटी धरत. सरळ रस्त्यावर, समोर चिटपाखरू नसताना, ते हॉर्न वाजवायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, कुणी यायच्या बेतात आसंल तर त्याला कळावं. रस्त्यात एक चिंच होती, तिच्यावर काहीतरी आहे असं लोक बोलायचे. ती जवळ आली की अण्णा कंडक्टरला हाक मारून पुढं बोलवायचे आणि चिंच मागं पडेपर्यंत त्याच्याशी बाजारभावावर बोलायचे. ही भर दुपारची गोष्ट. पाल, वीज, वटवाघूळ, इंजेक्शन, उकळतं दूध, कशालाही ते भितात, आणि लपवत नाहीत. गल्लीत आम्ही यावर पुष्कळ हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो, हेही इथं लिहून ठेवतो.

पिक्चरचा उद्योग सुरू झाला तो माझ्या नातीमुळं. स्वरा पुण्याला असते, दिवाळीच्या सुट्टीत येते. तेव्हा ती सात वर्षांची होती. तिच्या शाळेत हॅलोविन म्हणून काहीतरी असतं. ऑक्टोबर संपताना पोरं भुतांचे कपडे घालून दारोदार खाऊ मागत हिंडतात, भोपळा कोरून आत दिवा ठेवतात आणि भुताचे पिक्चर बघतात. तिनं हे सगळं ओट्यावर उभं राहून गल्लीतल्या पोरांना सांगितलं. अण्णा पलीकडं शेंगा फोडत ऐकत होते. खाऊ मागायचं त्यांना पटलं; म्हणाले, हादग्याच्या खिरापतीसारखंच की. भुताचे कपडे घालायलाही हरकत नव्हती, दिवसा घातले तर. भोपळा कोरायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. त्या भोपळ्याचे घारगे झाले आणि भुतांनी ते खाल्ले.

राहिला पिक्चर. पोरांना भुताचाच पाहिजे होता आणि आयांना तो नको होता. अण्णांच्या घरी मोठा टीव्ही आहे, बार्शीच्या भाच्यानं बसवून दिलेला, मोबाइलवरचं सगळं त्यावर दिसतं. त्यांनी आयांना सांगितलं की पिक्चर आधी मी बघत जाईन. "मला सोसला तर पोराला सोसंल. माझ्यापरीस भित्रं माणूस गल्लीत कोण आसंल तर सांगा, त्याला बसवू."

शेजारच्या शकीला भाभी हसत म्हणाल्या, "अण्णा, डर का पिक्चर और डर नको बोले तो कैसा?"

"डर पाहिजे की भाभी," अण्णा म्हणाले. "भाजीत तिखट पाहिजेच. पर तिखटाची भाजी नको."

तेव्हापासून दिवाळीत आणि एरवी रविवारी अण्णांच्या घरी सतरंज्या पडू लागल्या. मीही पहिल्यांदा गेलो तो गंमत बघायला. अण्णा पिक्चर दाखवत नाहीत, चालवतात. "धरून बसा. पुढं वळण हाय. आता ते दार उघडंल. मागं भूत न्हाय, मांजर हाय. मांजर." दार उघडायचं, मांजर उडी मारायचं, पोरं ढिम्म, आणि खाटेवर अण्णाच "अगं आई" करून उशी छातीशी धरायचे. पोरं हसून लोळायची. जरा जास्त भीतीचा भाग येऊन गेला की पिक्चर थांबायचा. "गाडी पाच मिनिटं थांबंल. ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन या." सगळी पोरं एकमेकांचा हात धरून मोरीकडं जाऊन यायची, मग गाडी पुढं.

त्यांचे पास-नापासचे कायदे कुणाला आधी सांगता यायचे नाहीत. आपल्या बरगड्या कुठं ठेवल्या ते विसरलेल्या एका सांगाड्याचा पिक्चर होता, तो पास. एका भुताच्या पोराला शाळेत प्रवेश मिळत नाही, तोही पास. त्यात हेडमास्तर फार भीतीदायक होता, पण अण्णा म्हणाले तो तर सगळीकडं तसाच असतो. एक पिक्चर मला अगदी साधा वाटला. त्यात भूत जेमतेम दोनदा येतं, तेही हसरं. अण्णांनी नापास केला. मी कारण विचारलं. म्हणाले, "भुताचं काय न्हाय हो. पर त्या पोरीला सबंध पिक्चरभर कुणी जेवायला बोलावलं न्हाय."

पोरं त्यांना ड्रायव्हर आजोबा म्हणायची आणि ते सांगतील ते ऐकायची. स्वरा तर फोनवरसुद्धा आधी त्यांची चौकशी करायची. मला ते खुपायचं. खुपायचं असं लिहायला आज लाज वाटते, पण खुपायचं.

आता ती गोष्ट. गल्लीत म्हणायचे की मागल्या दिवाळीत लिंबाजीनं नको तो पिक्चर पास केला आणि भाऊसाहेबाची नात भिऊन तापली. तो पिक्चर लिंबाजी अण्णांनी पास केला नव्हता. त्यांनी तो बघितलाही नव्हता. मी लावला होता, आमच्या घरी, आमच्या टीव्हीवर.

झालं असं की पुण्याच्या मैत्रिणींनी स्वराला फोनवर दाखवून दाखवून सांगितलं की आम्ही सगळ्यांनी मिळून हॅलोविनचा पिक्चर बघितला, तू कुठला बघितलास? तिला परत जायला दोनच दिवस राहिले होते. अण्णांची तपासणी अडकली होती, कारण ऐन अकराला लाइट जात होती आणि दिवस मावळल्यावर ते पिक्चरला हात लावत नाहीत. स्वरा तोंड पाडून बसली. मी म्हटलं, चल, मी लावतो. तिनं विचारलं, "ड्रायव्हर आजोबांनी पास केलाय का?"

सबंध तालुक्याचे दाखले माझ्या हाताखालून गेले. आणि माझी नात मला विचारते, ड्रायव्हरनं पास केलाय का. मी म्हणालो, हो, केलाय.

चित्र तर गमतीचं होतं. डोळे असलेलं घर, वर चंद्र, चार वटवाघळं, आणि खाली सर्व कुटुंबासाठी असं लिहिलेलं. कुठल्या कुटुंबासाठी ते लिहिलं नव्हतं. पिक्चर बरा चालला होता. मग त्यातली मुलगी शाळेतून घरी येते, आई शेगडीपाशी पाठमोरी उभी असते, मुलगी हाक मारते, आई वळते, आणि आईला चेहराच नसतो. घासलेल्या ताटासारखं नुसतं गुळगुळीत.

स्वरा ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, आजोबा, बंद करा. मला रिमोट सापडेना. मी त्याच्यावरच बसलो होतो. तो सापडेपर्यंत पिक्चरमधली ती बिनचेहऱ्याची बाई मुलीमागं सगळा जिना चढून वर आली.

दुसऱ्या दिवशी पोरीला कणकण आली. पण त्याहून वाईट दुसरंच. माझी सून अश्विनी, स्वराची आई, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. स्वरा जाऊन तिची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडं वळवायची, बघायची आणि परत यायची. थोड्या वेळानं पुन्हा जायची. अश्विनीला आधी गंमत वाटली, मग नाही. तिनं विचारलं, काय बघितलंस तू, कुणी दाखवलं? स्वरा म्हणाली, ड्रायव्हर आजोबांनी पास केलेला पिक्चर. माझ्या तोंडाला कप लागलेला होता. मी आणखी एक घोट घेतला.

अश्विनी तशीच रस्ता ओलांडून समोर गेली. मी मागोमाग गेलो, आणि स्वरा माझ्या सदऱ्याचं टोक धरून माझ्या मागं. अश्विनी आवाज चढवणारी मुलगी नाही. ती एवढंच म्हणाली की अण्णा, तुमच्यावर भरवसा होता म्हणून पाठवत होते. अण्णा दारात उभे होते. कुठला पिक्चर, काय, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागं, स्वराकडं बघितलं. आणि म्हणाले, "चुकलं सूनबाई. माझ्या नजरेतनं सुटलं."

मी मनाची समजूत घातली की भित्रा माणूस, कुणी जाब विचारला की कशालाही हो म्हणतो. ही समजूत मला सोयीची होती, म्हणून ती मी वर्षभर वापरली.

बातमी गल्लीत फिरायला वेळ लागला नाही. अण्णाचा अंदाज चुकायला लागला, वय झालं, असं लोक बोलू लागले. शकीला भाभींनी आपल्या आलियाला सांगितलं, वहाँ नको जाओ. इतरांनीही तेच केलं. स्वरा पुण्याला गेली. जाईपर्यंत ती माझ्याच कुशीत झोपली, कारण तिच्या मते फसवलं ते ड्रायव्हर आजोबांनी, आणि तिच्या आजोबांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं.

त्यानंतरही रविवारी अकरा वाजता समोरची दारं उघडायची. मी आमच्या ओट्यावरून बघायचो. सतरंज्या अंथरलेल्या, टीव्ही चालू, आणि खाटेवर अण्णा एकटे. एकदा वारा इकडचा होता, म्हणून ऐकू आलं. "पुढं वळण हाय," ते त्या सतरंज्यांना सांगत होते.

मी ओट्यावरची खुर्ची उचलून आत नेली. त्यानंतर रविवारी मी ओट्यावर बसणं सोडलं.

या दिवाळीला स्वरा येणार म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना. आल्याच्या दुसऱ्या दिवशी फराळाला बसलो असताना मी दोघींसमोर सगळं सांगितलं. अश्विनीनं हातातली चकली ताटलीत ठेवली. मग म्हणाली, "बाबा, मी त्यांच्या दारात जाऊन बोलून आले. तुम्ही शेजारी उभे होता."

मी म्हणालो, हो.

स्वरानं विचारलं, "मग तुम्ही पास केलाय असं का म्हणालात?"

"तू माझं ऐकावंस म्हणून."

ती तिचा लाडू खात राहिली. अश्विनी उठून आधी अण्णांकडं गेली, माफी मागून आली आणि मग स्वतःच शकीला भाभींकडं आणि बाकीच्या घरी जाऊन सांगून आली. माझ्या सुनेबद्दल मी आणखी कुठं चांगलं लिहिलं नसेल, तर निदान हे लिहून ठेवतो. दुपारी खोलीत गेलो तर माझ्या गादीवरची स्वराची छोटी उशी आईच्या गादीवर गेली होती.

संध्याकाळी, उजेड असतानाच, मी अण्णांकडं गेलो. मनात होतं की ते खूश असतील, मी हात जोडीन, ते हसतील आणि चहा होईल. चहा उकळत होता खरा. मी बोलायला लागलो तर त्यांनी पातेलं खाली उतरवलं आणि माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं हुतं बोलाया?"

मी म्हणालो, अण्णा, वर्षभर माझी चूक तुमच्या नावावर होती.

"ऱ्हाऊ द्यायची की. कुणी मागाय आलं हुतं का ती?" ते गाळणं शोधत होते, गाळणं हातातच होतं. "भाऊसाहेब, त्या दिशी ती पोरगी तुमच्या सदऱ्याला धरून उभी हुती. म्या बघितलं. म्हणलं, हिला भ्या वाटलं की ही ह्या माणसामागं लपती. आता ह्यानंच दावलं म्हणून सांगितलं, तर लपंल कुणामागं? लेकराला भ्यायला एक माणूस आन पळून जायला एक माणूस, दोन येगळी लागत्यात. माझं भ्या बसलं तर कुणाचं काय आडतंय? माझ्यापाशी कोण झोपाय येतंय?"

शेवटचं वाक्य ते कुरडुवाडीची गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तसं म्हणाले. त्यांना मूलबाळ नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हे सगळं मला माहीत होतं, पण मी ते कधी असं एकाजागी धरून बघितलं नव्हतं. वर्षभर मी ज्याला घाबरटपणा म्हणत होतो तो हा होता. माझी नात माझ्याकडं राहावी म्हणून या माणसानं आपली सगळी पोरं जाऊ दिली होती.

मी त्यांना उशीचं सांगितलं. त्यांचा राग उतरला. चहा देऊन ते विचार करत बसले आणि मग म्हणाले, "उद्या अकराला पोरीला धाडा. तुमी बी या."

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आली. आलिया आली, तिच्यामागं शकीला भाभी डबा घेऊन आल्या आणि तो खाटेवर ठेवून गेल्या. मी मागं भिंतीपाशी खुर्ची धरली होती. अण्णांनी मला उठवून पुढं सतरंजीवर बसवलं. स्वरा दारापाशी, आलियाच्या पलीकडं, माझ्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढी लांब बसत होती.

"स्वरा, एक काम हाय बाळा," अण्णा म्हणाले. "तुझ्या आजोबांना पिक्चरमधलं काय कळत न्हाय. एकट्यानं निवडाय गेलं आन काय करून बसलं ते तू बघितलंसच. वर्षभर त्या भ्यानं त्यांना झोप न्हाय. कुणीतरी जवळ बसाय पाहिजे. आमच्यातलं कुणी बसलं तर चालंना, घरचं माणूस लागतंय."

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. कचेरीत असतो तर मी हरकत घेतली असती. इथं मान हलवली, कारण झोपेचं खरं होतं.

स्वरानं मला नीट न्याहाळलं. मग उठून आली आणि माझ्या शेजारी बसली, मध्ये एक पोर बसेल एवढी जागा ठेवून. पिक्चर सुरू झाला. एका जुन्या किल्ल्यातल्या म्हाताऱ्या भुताचा होता, त्याला रात्री अंधाराची भीती वाटते. थोड्या वेळानं किल्ल्याचा दरवाजा करकरला आणि मधली जागा भरून निघाली. तिचा हात माझ्या हातावर आला. "घाबरू नका आजोबा," ती कुजबुजली, "मी आहे."

मी मागं वळून बघितलं. अण्णा खाटेवर एकटे, डोळे गच्च मिटून. हा पिक्चर त्यांनी आधीच पास केलेला होता, शेवटाकडूनही आणि सुरुवातीपासूनही. मी हळूच म्हणालो, अण्णा, खाली या, जागा आहे. त्यांनी नकाराचा हात हलवला. तेवढ्यात स्वरानं पडद्यावरची नजर न काढता आपल्या दुसऱ्या बाजूची सतरंजी हातानं थोपटली. अण्णा जरा थांबले, मग खाली उतरून तिच्या पलीकडं येऊन बसले. तिनं त्यांचाही हात धरला.

आभार मानायचे असं मी घरून ठरवून गेलो होतो. पण पिक्चर चालू असताना, स्वतः सोडून, दुसऱ्या कुणी बोललेलं अण्णांना चालत नाही. म्हणून ते इथं मानतो.